स्कॅटर प्लॉट कसा काढायचा आणि कसा वाचायचा: महाबळेश्वर, पाचगणी आणि अकरा गावांचा पाऊस

पुतण्याला शाळेतून भूगोलाचा प्रोजेक्ट मिळाला होता, विषय 'उंची आणि पाऊस यांचा संबंध'. पठ्ठ्याने तेरा गावं घेतली, प्रत्येक गावाला दोन उभे बार, निळा उंचीचा आणि हिरवा पावसाचा, आणि मला दाखवून म्हणाला, काका बघ मस्त आलाय ना. दिसायला मस्तच होता, पण मीटर आणि मिलिमीटर एकाच अक्षावर, आणि सव्वीस बार बघून संबंध आहे का नाही ते काही म्हणजे काहीच कळेना. म्हटलं हे काम बार चार्टचं नाही, याला स्कॅटर प्लॉट लागतो. मग बसलो दोघं आणि त्यात अख्खा रविवार गेला. त्या दिवशी जे जे केलं आणि जिथे जिथे आपटलो ते इथे लिहितोय, म्हणजे तुमचा तरी रविवार वाचेल.

स्कॅटर प्लॉट म्हणजे फार काही नाही. तुमच्याकडे आकड्यांचे दोन कॉलम आहेत आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक गोष्ट, एक गाव, एक माणूस, एक दिवस, काहीही. एक आकडा आडवा मोजायचा, दुसरा उभा, आणि तिथे ठिपका द्यायचा. एक ओळ, एक ठिपका. दोन्ही कॉलम आकड्यांचेच हवेत हे महत्त्वाचं. एका बाजूला 'जिल्हा' किंवा 'पक्ष' अशी नावं असतील तर बार चार्टच बरा, उगाच ठिपक्यांच्या नादी लागू नका.

आता आमचा डेटा देतो. आकडे ढोबळ आहेत, गोल केलेले, शिकण्यापुरते. आधी समुद्रसपाटीपासून उंची मीटरमध्ये, मग वर्षाचा सरासरी पाऊस मिलिमीटरमध्ये:

मुंबई कुलाबा – ११ – २२००
पणजी – ६० – २९५०
रत्नागिरी – ६५ – ३३००
माथेरान – ८०० – ५१००
लोणावळा – ६२० – ४३००
आंबोली – ६९० – ७०००
महाबळेश्वर – १३७० – ५७००
पाचगणी – १२९० – १८००
पुणे – ५६० – ७५०
कोल्हापूर – ५७० – १०५०
अहिल्यानगर – ६५० – ५७०
सोलापूर – ४८० – ७५०
नागपूर – ३१० – ११००

(कुठे सबमिट करायचं असेल तर हवामान खात्याचे आकडे घ्या आणि सगळ्या गावांना एकाच कालखंडाची सरासरी वापरा. एका गावाची दहा वर्षांची आणि दुसऱ्याची पन्नास वर्षांची असली तर तुलनेत काही अर्थ राहत नाही.)

शीटमध्ये भरताना पहिली चूक इथेच होते. पुतण्याने सेलमध्ये '२२०० मिमी' असं टाइप केलं होतं. सेलमध्ये अक्षर आलं की एक्सेल असो नाहीतर गूगल शीट्स, त्याला तो आकडा वाटतच नाही, मजकूर वाटतो, आणि मग चार्ट एकतर रिकामा येतो नाहीतर भलतंच काहीतरी येतं. एकक वर हेडिंगमध्ये लिहायचं, सेलमध्ये नुसता आकडा. ओळखायची सोपी खूण म्हणजे आकडा सेलच्या उजव्या कडेला चिकटतो आणि मजकूर डाव्या. एखादा आकडा डावीकडे बसलेला दिसला की समजायचं गडबड आहे.

मग प्रश्न येतो आडव्या अक्षावर काय घ्यायचं आणि उभ्यावर काय. नियम साधा आहे, ज्याच्यामुळे होतंय असा संशय आहे ते आडवं, आणि जे होतंय ते उभं. उंचीमुळे पाऊस बदलत असेल, पावसामुळे डोंगराची उंची बदलत नाही (तशी बदलते म्हणा, पण त्याला लाखो वर्षं लागतात, आपला प्रोजेक्ट सोमवारी द्यायचाय). म्हणून उंची आडवी, पाऊस उभा. कोण कोणामुळे ते माहीतच नसेल, उदाहरणार्थ गणिताचे आणि विज्ञानाचे मार्क, तर कुठलंही कुठेही घ्या, काही बिघडत नाही.

गूगल शीट्समध्ये उंची आणि पाऊस हे दोनच कॉलम सिलेक्ट करा, गावांची नावं सोडून, मग इन्सर्टमध्ये जाऊन चार्ट. शीट्स स्वतःच्या डोक्याने कुठला तरी चार्ट काढतं, तो बदलून चार्ट टाइपमध्ये स्कॅटर घ्या. एक्सेलमध्ये इन्सर्टच्या टॅबमध्ये चार्टच्या चित्रांत ठिपक्यांचं चित्र आहे ते. एक्सेल डावीकडचा कॉलम आडवा धरतं आणि उजवीकडचा उभा, त्यामुळे उंचीचा कॉलम डावीकडे ठेवा, नाहीतर सगळं आडवं-तिडवं येईल.

आणि इथे एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः ऑफिसात एकदा सगळ्यांसमोर पडलोय. लाइन चार्ट आणि स्कॅटर वरवर सारखे दिसतात, लाइन चार्टची रेष काढून नुसते ठिपके ठेवले की अगदी स्कॅटरच वाटतो, पण नसतो! एक्सेलचा लाइन चार्ट आडव्या अक्षावरच्या आकड्यांना आकडे मानत नाही, नुसती लेबलं मानतो आणि सारख्या अंतरावर मांडतो. म्हणजे ११, ६०, ६५ आणि ३१० मीटर हे चारही एकमेकांपासून समान अंतरावर बसतात. कुलाबा ते पणजी जेवढं, तेवढंच रत्नागिरी ते नागपूर. मी तसला चार्ट दाखवून वर 'संबंध सरळ रेषेतला दिसतोय' असंही बोलून मोकळा झालो होतो. तेव्हा चार्टचं नाव दोनदा तपासा.

चार्ट आला की लगेच ट्रेंडलाइन, म्हणजे ठिपक्यांमधून जाणारी सरळ रेष, टाकू नका. हात शिवशिवतात मला माहितीये, पण एकदा रेष आली की डोळे रेषच बघतात, ठिपके बघतच नाहीत. आधी दोन मिनिटं नुसते ठिपके बघा. आमच्या चार्टमध्ये काय दिसलं सांगतो. अगदी डावीकडे तीन ठिपके जवळजवळ, मध्यम पावसावर, ते कोकण-गोव्याचे. मधे ४८० ते ८०० मीटरच्या पट्ट्यात मात्र दोन टोळ्या, एक पार खाली तळाला आणि एक वर आकाशात, मधे कोणीच नाही. उजव्या टोकाला दोनच ठिपके, एक वर महाबळेश्वर आणि त्याच्या जवळजवळ बरोबर खाली पाचगणी. पुतण्या म्हणाला, काका पाचगणीचा आकडा चुकलाय बहुतेक. मला हे फार आवडलं, कारण स्कॅटर प्लॉटचं पहिलं काम हेच, एकटा पडलेला ठिपका दिसला की परत जाऊन मूळ आकडा तपासायचा. एक शून्य जास्त पडलं असेल तर इथे लगेच पकडलं जातं, कॉलममध्ये नाही. तपासला. आकडा चुकलेला नव्हता.

आता ट्रेंडलाइन टाका. शीट्समध्ये कस्टमाइझ, मग सिरीज, तिथे ट्रेंडलाइनची टिक. एक्सेलमध्ये ठिपक्यावर राइट क्लिक करून ॲड ट्रेंडलाइन. आमची रेष थोडी वर चढणारी आली, मीटरमागे साधारण दीड मिलिमीटर पाऊस जास्त. आणि सहसंबंध, म्हणजे कोरेल (CORREL) नावाचा फॉर्म्युला वापरून जो आकडा येतो तो, आला ०.२९. हा आकडा उणे १ ते अधिक १ मध्ये असतो, शून्याजवळ म्हणजे सरळ रेषेतला संबंध जवळपास नाही, एकच्या जवळ म्हणजे ठिपके रेषेला घट्ट चिकटून. ०.२९ म्हणजे आहे थोडासा, असं म्हणून बरेच जण इथेच प्रोजेक्ट संपवतात.

पण मी त्याला म्हटलं आता महाबळेश्वरची ओळ काढून बघ. काढली, आणि आकडा आला ०.०९. म्हणजे तेरापैकी एका ठिपक्याने सगळा 'संबंध' पेलून धरला होता! टोकाला बसलेला ठिपका रेषेला आपल्याकडे ओढतो, सी-सॉच्या टोकावर बसलेल्या पोरासारखा, मधल्या पोरांचं वजन कितीही असो. कमी ठिपके असतील तेव्हा ही तपासणी कराच, टोकाची एकेक ओळ तात्पुरती काढून बघायची, रेष जागची हलते का ते बघायचं. फक्त कायमची काढायची नाही हं. महाबळेश्वर खरं आहे, तिथला पाऊसही खरा आहे, आपल्या रेषेला आवडत नाही म्हणून गाव नकाशावरून काढता येत नाही. दोन्ही आकडे सांगायचे, धरून एवढा आणि सोडून एवढा.

मग खरी गोष्ट काय आहे? ती रंग दिल्यावर दिसते, आणि माझ्या मते अख्ख्या स्कॅटर प्लॉटमधली सगळ्यात कामाची युक्ती हीच आहे. पावसाच्या एका कॉलमचे तीन कॉलम करा: कोकण-गोवा, घाटमाथा, घाटाच्या पूर्वेकडचे. प्रत्येक गावाचा पाऊस त्याच्या त्याच्या कॉलममध्ये लिहा आणि बाकीचे दोन सेल रिकामे सोडा. उंचीचा कॉलम पहिला, मग हे तीन, चारही सिलेक्ट करून परत स्कॅटर. आता प्रत्येक गटाला आपोआप वेगळा रंग येतो. कोकण-गोव्याचे ठिपके २२०० ते ३३०० मध्ये. माथेरान, लोणावळा, आंबोली, महाबळेश्वर सगळे ४००० च्या वर. आणि पूर्वेकडचे, पाचगणीसकट, सगळे २००० च्या खाली. एकही ठिपका दुसऱ्याच्या पट्ट्यात नाही. लोणावळा आणि पुणे बघा, उंचीत फक्त साठ मीटरचा फरक, लोकलने दीड तासाचं अंतर, आणि पाऊस पाचपट-सहापट. महाबळेश्वर-पाचगणी तर वीसेक किलोमीटर, वाटेत स्ट्रॉबेरी घ्यायला थांबलं तरी तासाभरात पोचतो, आणि पाऊस एक तृतीयांशाच्या आत.

कारण तुम्हाला शाळेपासून माहितीये, नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, सह्याद्री आडवा येतो, वर चढताना हवा थंड होते आणि तिथेच रिकामी होते, पलीकडे उतरताना कोरडी. पर्जन्यछाया. पाठ सगळ्यांना आहे, पण पाचगणीचा ठिपका महाबळेश्वरच्या खाली एवढा लांब लोंबकळताना बघितला की ती व्याख्या एकदम डोक्यात बसते. उंचीचा वाटा नाही असं नाही, घाटमाथ्याला पाऊस पडतो तो वारा वर चढतो म्हणूनच, पण तुम्ही घाटाच्या अलीकडे आहात का पलीकडे याने आधी निकाल लागतो.

एक इमानदारीची गोष्ट. गट पाडताना ते नकाशा बघून पाडायचे, पाऊस बघून नाही. 'जास्त पावसाची गावं' आणि 'कमी पावसाची गावं' असे रंग दिले तर चार्ट सुंदरच दिसणार, ती काय कमाल आहे? आधीच वेगळे केलेले वेगळे दिसले, एवढंच.

उत्साह असेल तर पुढची पायरी करा, आडवा अक्षच बदला. उंचीऐवजी घाटमाथ्यापासून पूर्वेला किती किलोमीटर ते घ्या, ऑनलाइन नकाशावर अंतर मोजायची सोय असते त्यावर मिळतं. कोकणातली गावं वगळून चार्ट काढा. रेष येणार नाही, घसरगुंडी येईल, पहिल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये धाडकन खाली आणि मग सपाट. आणि पार उजवीकडे नागपूर परत थोडं वर, कारण तिकडे बंगालच्या उपसागरावरून येणारे कमी दाबाचे पट्टे पाऊस देतात. अशा आकाराला सरळ ट्रेंडलाइन टाकणं म्हणजे घाटातल्या वळणाला फूटपट्टी लावणं. कोरेलचा आकडा फक्त सरळ रेषेपुरतं बोलतो हे विसरायचं नाही. अँसकोम्ब नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच बनवून दाखवले होते, चारही संचांत सरासरी तीच, रेष तीच, सहसंबंध तोच ०.८१६ च्या आसपास, आणि चित्र काढलं तर एक नेहमीसारखा पसरलेला, एक चक्क कमान, एका संचात रेषेबाहेर उडालेला एक ठिपका, आणि चौथ्यात एक सोडून सगळे एका उभ्या ओळीत. नुसता आकडा सांगितला असता तर चौघं जुळे भाऊ वाटले असते.

पावसासारखा आकडा ५७० ते ७००० असा ताणलेला असेल तर उभ्या अक्षाला लॉग स्केल (म्हणजे १००, १०००, १०००० अशा दहापटीच्या पायऱ्या सारख्या अंतरावर) लावून बघा, तळाला चिकटलेले पुणे, नगर, सोलापूर सुटे होतात. पण शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लावू नका, नाहीतर सर विचारतील आणि पोराला समजावता येणार नाही.

आता न दिसणाऱ्या ठिपक्यांबद्दल, कारण यात लोकांचे जीव गेलेत. २८ जानेवारी १९८६, अमेरिकेचं चॅलेंजर यान, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत संपलं, सातही अंतराळवीर गेले. बूस्टरच्या, म्हणजे यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या, सांध्यातल्या रबरी रिंगा थंडीत कडक होऊन नीट बसल्या नाहीत. आदल्या रात्री यावरच वाद झाला होता, थंडीत उडवायचं का नाही. तेव्हा बघितलं काय, तर आधीच्या ज्या उड्डाणांत रिंगांना इजा झाली होती तेवढीच. त्यात एक १२ अंश सेल्सिअसचं होतं आणि एक २४ चंही, म्हणजे गारव्यात पण इजा आणि उबेत पण इजा, संबंध दिसेना. चौकशी आयोगाने नंतर सगळी उड्डाणं मांडली, इजा नसलेलीसुद्धा. १९ अंश किंवा वरची २० उड्डाणं, त्यात फक्त ३ मध्ये इजा. त्याखाली चारच उड्डाणं, १७ अंश आणि कमी, आणि चारही मध्ये इजा. त्या सकाळी तापमान होतं दोन अंशांच्या आसपास. शून्य इजेचे ठिपके 'काही घडलंच नाही' म्हणून बाजूला ठेवले होते, आणि सगळी माहिती त्यांच्यातच होती.

म्हणून 'शून्य' वाल्या ओळी कधी गाळू नका. तक्रार न केलेले ग्राहक, रोग न पडलेलं शेत, नापास न झालेली पोरं, सगळे ठिपके हवेत. आणि आमच्याच यादीकडे बघा ना, पुतण्याने गावं निवडली कशी? जी आठवली ती. म्हणजे एकतर पावसासाठी प्रसिद्ध नाहीतर मोठी शहरं. माण, खटाव असले दुष्काळी पट्ट्यातले तालुके एकही नाही, चिपळूण नाही, मराठवाडा तर पूर्ण गायब. तेव्हा ०.२९ हा आकडा महाराष्ट्राचा नाही, त्याच्या आठवणीचा आहे.

काही बारीकसारीक. स्कॅटरमध्ये अक्ष शून्यापासूनच सुरू व्हायला हवा असं नाही, तो नियम बारचा. पण अक्ष ओढून-ताणून रेष हवी तेवढी तीव्र दाखवता येते, म्हणून दुसऱ्याचा चार्ट बघताना आधी अक्षावरचे आकडे वाचा. ठिपके शेकड्यांनी असतील तर ते एकावर एक बसून डाग होतो, मग ठिपका लहान करा आणि रंग अर्धपारदर्शक करा. आकडे पूर्णांकच असतील, जसे मार्क, तर एकाच जागी दहा ठिपके पडून एकच दिसतो, त्यासाठी प्रत्येकाला किंचित इकडेतिकडे ढकलायची पद्धत आहे, फक्त चित्रापुरती, मूळ डेटाला हात नाही लावायचा.

तालुक्यांची तुलना असेल तर एकूण आकडे घेऊ नका. तालुक्यातली मेडिकलची दुकानं आणि तालुक्यातले अपघात यांचा स्कॅटर काढला तर संबंध घट्ट दिसणारच, कारण जिथे माणसं जास्त तिथे दोन्ही जास्त. औषधाच्या दुकानांमुळे कोणी गाडीखाली येत नाही. लाख लोकसंख्येमागे किती असं करून परत काढा आणि गंमत बघा.

ठिपक्यांना नावं द्यायची असतील तर एक्सेलमध्ये डेटा लेबलच्या ऑप्शनमध्ये सेलमधून नाव घ्यायची सोय आहे. तेराच्या तेरा ठिपक्यांना देऊ नका, गर्दी होते. ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्यांनाच, आमच्या चार्टवर महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळा, पुणे आणि नागपूर एवढेच ठेवले. अक्षांवर 'उंची, मीटर' आणि 'वार्षिक पाऊस, मिलिमीटर'. वरचं शीर्षक पुतण्याने आधी 'उंची वाढली की पाऊस वाढतो' असं दिलं होतं, ते खोडून 'घाटाच्या अलीकडे आणि पलीकडे' केलं. आता तो माणमधल्या दहिवडीचे आणि चिपळूणचे आकडे शोधतोय, आणि सर म्हणालेत की नागपूर पूर्वेकडच्या गटात कसं काय बसवलंस ते लिहून दे. नागपूरला चौथा रंग द्यायचाय.